वेळूचे अलंकार आणि मेळघाटचें रान

आपल्या मराठी दागिन्यांचीं नांवें एकदां सावकाश उच्चारून पाहावींत. बोरमाळ, जोंधळी पोत, चाफेकळी, चिंचपेटी, बकुळहार, पोहेहार, बेलपानाची टीक. सराफाच्या दुकानांत आपण उभे आहों कीं गांवाबाहेरच्या एखाद्या कुंपणाशीं, असा क्षणभर संभ्रम पडतो. बरें, हें नातें केवळ नांवापुरतें आहे असेंही नाहीं. हलक्या वजनाची जुनी बोरमाळ फोडून पाहिली, तर सोन्याच्या पातळ पत्र्याच्या आंत लाख भरलेली आढळते. आणि ही लाख पळस, कुसुंब, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर जगणारा एक क्षुद्र किडा निर्माण करतो. सोनें तोलावयाचें तें गुंजेनें. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, हें कोष्टक आमच्या वडिलांच्या पिढीला तोंडपाठ असे. म्हणजे तागडीच्या एका पारड्यांत तोळाभर सोनें असेल, तर दुसऱ्यांत हिशेबानें रानवेलीचे शहाण्णव लाल दाणे असावयाचे. श्रीमंतांच्या पेटींतला दागिना रानाला किती बांधलेला होता, हें त्या पेटीच्या मालकिणीला बहुधा ठाऊक नसे. सोनाराला मात्र तें पक्कें ठाऊक होतें.

सर जॉर्ज बर्डवुड ह्या नांवाचा एक इंग्रज डॉक्टर मुंबईस नोकरीला होता. त्याचा जन्म १८३२ सालीं बेळगांवीं झालेला, तेव्हां एका अर्थीं तो आमच्याच मुलखांतला. हिंदुस्थानांतील कारागिरीवर त्यानें १८८० सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत माथेरानच्या बाजूचे रानांत राहणारे लोक पिळलेल्या गवताचे जे अलंकार वापरीत, त्यांची घडण आणि आपल्याकडील सोन्याच्या दागिन्यांची घडण ह्यांतील साम्य त्यानें टिपून ठेवलें आहे. गवताचा अलंकार हा मूळ नमुना व सोन्याचा ही त्याची प्रत, असा त्याच्या म्हणण्याचा रोख आहे. हें अनुमान मोठें मोहक आहे. परंतु नांवावरून किंवा रूपावरून वंशावळ ठरविण्याची घाई इतिहासाच्या अभ्यासकानें करूं नये. जोंधळी पोतीच्या आधीं कोणीं खरोखर जोंधळ्याचे दाणे ओवून गळ्यांत घातले होते, असें त्या नांवावरून सिद्ध होत नाहीं. सोनाराला मणी जोंधळ्याएवढा करावयाचा होता, इतकेंच कदाचित् त्यावरून ठरेल. असो.

हें सर्व आठवण्याचें कारण असें कीं, गेल्या पंचवीस-तीस वर्षांत वऱ्हाडांत ह्याच्या नेमक्या उलट दिशेचा एक प्रवास घडून आला आहे. बोरावरून आणि गवतावरून सोन्यापर्यंत गेलेला अलंकार पुन्हां गवतावर येऊन ठेपला आहे. श्रावण जवळ आला कीं मेळघाटांत तयार झालेल्या बांबूच्या राख्या शहरांत विकावयास येतात, आणि त्यांच्या जोडीनें बांबूचीं कर्णफुलें, माळा व अशाच लहानसहान शोभेच्या वस्तु. आमच्या विद्यार्थिनी त्या हौसेनें घेतात. विकणारा व घेणारा हे दोघेही बहुधा एक वाक्य उच्चारतात, कीं ही आदिवासींची प्राचीन कला आहे. ह्या वाक्याचा खरेखोटेपणा तपासणें हा प्रस्तुत लेखाचा उद्देश. माझें मत आरंभींच सांगून टाकतों: बांबूचा दागिना मेळघाटांत प्राचीन नाहीं. प्राचीन आहे ती रानांतून जपून घेण्याची रीत, आणि त्या रीतीला लागणारा घेण्याचा हक्क. ह्या हक्काचाच इतिहास लिहिण्याजोगा आहे, आणि तो मुळींच गोड नाहीं.

सृष्टींतील फुकटच्या वस्तूंपासून अंग सजविण्याची हौस आपल्या भागांत किती जुनी आहे, हें पाहावयाचें तर वऱ्हाडच्या शेजारीं खानदेशांत जावें लागतें. चाळीसगांव तालुक्यांत पाटणें येथें साळी ह्या पुरातत्त्वज्ञांनीं १९७०नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत उत्खनन केलें, तेव्हां शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी व रेघा कोरलेला कवचाचा तुकडा त्यांच्या हातीं लागला. काल सुमारें पंचवीस हजार वर्षांपूर्वींचा. आज ज्या मुलखांत शहामृग औषधालाही सांपडावयाचा नाहीं, तेथें कोणी तरी बसून त्याच्या फुटक्या अंड्याला भोंक पाडीत होतें! आमच्या अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस, मोर्शीच्या वरच्या अंगाला बैतुल जिल्ह्याच्या सीमेवर, धारूळच्या आसपास सातपुड्याच्या कपारींत रंगविलेलीं चित्रें आहेत. अमरावतीचे डॉ. विजय इंगोले व त्यांचे निसर्गप्रेमी स्नेही ह्यांनीं तीं २००७ सालीं उजेडांत आणलीं. ह्या चित्रांना लागलेला रंग जवळपासच्या मातीचाच. वर्धा नदीच्या कांठीं कौंडिण्यपूरला डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित ह्यांनीं उत्खनन केलें. हेच दीक्षित मण्यांचे मोठे जाणकार, आणि रेखांकित मण्यांवरील त्यांचा प्रबंध १९४९ सालचा आहे. नागपूरजवळच्या माहुरझरीचे तांबड्या दगडाचे मणी तर प्रसिद्धच आहेत.

परंतु वाचकांच्या ध्यानांत एक गोष्ट आलीच असेल. कवच, दगड, कांच, माती, हेंच सारें मागें उरलें आहे. वेळू कोठेंच नाहीं. वेळूला वाळवी लागते, भुंगा लागतो, पाऊस लागतो. उघड्यावर टाकलेली टोपली चार-दोन पावसाळ्यांपलीकडे टिकत नाहीं, मग तीन हजार वर्षांची गोष्ट कशाला? जी वस्तु सर्वांत अधिक वापरली गेली, तिचाच पुरावा जमिनींत सर्वांत कमी, असा हा विलक्षण प्रकार आहे. पुरावा नाहीं म्हणून वस्तु नव्हती असें म्हणतां येत नाहीं, हें खरें. पण म्हणून ती होतीच, असेंही हवेंत म्हणतां येत नाहीं. तेव्हां वेळूचा इतिहास फावड्यानें न खणतां कोशांत आणि कायद्याच्या पुस्तकांत शोधावा लागतो.

कोशापासून आरंभ करूं. अमरसिंहानें वेळूला जीं अनेक नांवें दिलीं आहेत, त्यांपैकीं चार फार मार्मिक आहेत: त्वक्सार, शतपर्वा, यवफल आणि तृणध्वज. ज्याचें सारें बळ सालींत आहे तो. ज्याला शंभर पेरें आहेत तो. ज्याचें फळ जवासारखें असतें तो. आणि गवताचा जो ध्वज तो. हीं नांवें ज्यांनीं प्रथम उच्चारलीं, त्यांनीं वेळू कधीं तरी स्वतःच्या हातानें चिरला असला पाहिजे आणि त्याला आलेला फुलोराही पाहिला असला पाहिजे. विशेषतः शेवटचें नांव ध्यानांत ठेवावें. बांबू हें गवत आहे, हें आजचें वनस्पतिशास्त्रही सांगतें. तें पुढें उपयोगी पडणार आहे.

आतां हा वेळू हाताळीत कोण? वऱ्हाडच्या सपाट प्रदेशांत, म्हणजे अमरावती, अकोला, अचलपूर, बाळापूर, आकोट ह्या गांवांतून, हें काम बुरुडाचें. सूप, टोपली, दुरडी, परडी, धान्य सांठविण्याची कणगी, भिंतीचा तट्टा, गाडीवरची ताटी, हें सारें त्याच्या आळींतून येई. त्याच्या सुपांत नवें जन्मलेलें मूल निजवीत, आणि शेवटीं माणूस जावयाचा तोही वेळूच्याच तिरडीवरून. समाजानें त्याला मानाची जागा कधीं दिली नाहीं, मात्र त्याच्यावांचून एकही संस्कार पुरा होऊं दिला नाहीं. डोंगरांत, म्हणजे आजच्या धारणी व चिखलदरा तालुक्यांत, वस्ती मुख्यतः कोरकूंची. त्यांची भाषा मुंडा कुळांतली, संथाळी-मुंडारीची बहीण, आणि त्या कुळाचें अगदीं पश्चिमेकडचें टोंक. कोरकूंच्या घराची भिंत बांबूच्या कुडाची व वरून मातीनें लिंपलेली. त्यांची बांसरी वेळूची. पण त्यांची खरी शिल्पकला पाहावयाची असेल, तर ती वेळूंत पाहूं नये. मृतांच्या स्मरणार्थ ते लांकडाचे कोरीव खांब उभारतात, त्यांना मुंडा म्हणतात. त्यांवर सूर्य, चंद्र, घोडेस्वार असे आकार कोरलेले असतात. रसेल व रायबहादूर हिरालाल ह्यांनीं मध्यप्रांताच्या जातिजमातींवर १९१६ सालीं जे चार खंड प्रसिद्ध केले, त्यांत कोरकूंच्या ह्या स्मारकांची दखल घेतलेली आहे.

आणि कोरकू स्त्रियांचे दागिने? ते बाजारांतले. आठवड्याच्या बाजारांतून घेतलेले रंगीत मणी, पितळ, कथील, ऐपत असेल तर चांदी, आणि अंगावर गोंदण. डोंगरांत वेळू रगड. जी वस्तु दाराशीं रगड पडलेली आहे, तिचा दागिना माणूस सहसा करीत नाहीं. दुर्मिळपणा हा अलंकाराचा अर्धा प्राण आहे, हा नियम पुण्याच्या पेठेला जितका लागू, तितकाच धारणीच्या बाजारालाही. रानांत राहणाऱ्या माणसानें रानाचेंच कांहीं तरी गळ्यांत घातलें पाहिजे, ही अपेक्षा शहरांत बसलेल्या आपल्यासारख्यांची आहे. तेव्हां बांबूचें कर्णफूल ही ‘प्राचीन आदिवासी कला’ नव्हे, हें मान्य करावें. तसें केल्यानें त्याचें मोल कमी होत नाहीं, उलट तें निर्माण कसें झालें हा प्रश्न अधिक कुतूहलाचा होतो.

त्यासाठीं कायद्याच्या पुस्तकाकडे वळलें पाहिजे. १८०३च्या डिसेंबरांत गाविलगड वेलस्लीनें घेतला, पण वऱ्हाड निजामाकडेच राहिलें; पुढें १८५३च्या तहानें तें इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मेळघाटचें बरेंचसें अरण्य राखीव झालें. साग हें त्यांतलें राजवृक्ष; बाकीचें सारें प्यादे. डोंगरउतारावरचें झाडझाडोरा जाळून राखेंत बी टाकण्याची जुनी शेती बंद पडली, आणि रानाचा रहिवासी रानाचा मजूर झाला. १९२७ सालीं हिंदुस्थानचा जो जंगल-कायदा झाला, त्यांत ‘वृक्ष’ ह्या शब्दाची व्याख्या अशी विस्तृत केली गेली कीं तींत ताड-माड, बांबू, झाडाचे खुंट, झुडपें आणि वेत ह्या सर्वांचा समावेश झाला. अमरसिंहाचा तृणध्वज वृक्ष ठरला! शब्दाचा हा फेरफार वरवर पाहतां हास्यास्पद वाटेल; पण त्याचा परिणाम हास्यास्पद नव्हता. गवत कापणें ही एक गोष्ट, वृक्ष तोडणें ही निराळी. परवान्यावांचून वेळू तोडणारा कोरकू व तो डोक्यावरून बाजारांत नेणारा बुरूड हे दोघेही त्या व्याख्येमुळें गुन्हेगारांच्या रांगेंत जाऊन बसले. सवलती होत्या, नाहीं असें नाहीं. पण सवलत ही देणाऱ्याच्या मर्जीची, आणि हक्क हा घेणाऱ्याचा. ह्या दोहोंतील अंतर ज्याला कळलें नाहीं, त्याला जंगलाचा इतिहास कळावयाचा नाहीं.

स्वातंत्र्यानंतर व्याख्या तीच राहिली, गिऱ्हाईक मात्र बदललें. मेळघाटच्या पलीकडे तापीच्या खोऱ्यांत नेपानगर येथें वृत्तपत्राचा कागद करणारा देशांतला पहिला कारखाना उभा राहिला. पंडित नेहरूंनीं १९५६ सालीं त्याचें उद्घाटन केलें. त्याचा कच्चा माल सातपुड्यांतील सालई आणि बांबू. आम्हीं लेखक लोक ज्या कागदावर जंगलांविषयीं हळहळ व्यक्त करतों, तो कागद कोठून येतो ह्याचा विचार क्वचितच करतों, हें येथें सहज सांगून ठेवतों. कारखान्यांना वेळू नाममात्र दरानें दीर्घ मुदतीच्या करारावर मिळे, आणि टोपली विणणाऱ्याला तोच वेळू बाजारभावानें घ्यावा लागे. ही स्थिति देशांत अनेक ठिकाणीं होती. माधव गाडगीळ ह्यांनीं उत्तर कर्नाटकांतल्या बांबूच्या वनांचा अभ्यास केला, तेव्हां एक लक्षांत राहण्यासारखी गोष्ट निघाली. कांटेरी बांबूच्या बेटाच्या बुडाशीं जें कांट्यांचें जाळें असतें, तें काढून बेट स्वच्छ करावें अशी शास्त्रीय म्हणविली जाणारी पद्धति होती. गांवकरी म्हणत कीं असें करूं नका, कांटे हेच नव्या कोंबांचें कुंपण आहे. ते काढले तर गुरें कोंब खाऊन टाकतील. गाडगीळांना गांवकऱ्यांचें म्हणणें खरें आढळलें. रानांतून जपून घेणें ह्या गोष्टीला आपण आज मोठमोठीं नांवें देतों. तिचें अर्धें शास्त्र असें कोणाच्या तरी तोंडीं होतें, फक्त तें विचारण्याची कोणाला गरज वाटली नाहीं.

१९७३-७४त मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाला. तो देशांतील पहिल्या नऊंपैकीं एक. वाघासाठीं तें चांगलें झालें, ह्यांत मला शंका नाहीं. परंतु २००० सालच्या फेब्रुवारींत सर्वोच्च न्यायालयानें राष्ट्रीय उद्यानें व अभयारण्यें ह्यांतून वाळकें-पडकें झाड व गवत देखील हलवूं नये असा हुकूम दिला, आणि संरक्षित भागांतल्या वेळूला हात लावण्याची वाट आणखी अरुंद झाली.

ह्याच अडचणीच्या काळांत धारणी तालुक्यांतील लवादा ह्या खेड्यांत सुनील व निरुपमा देशपांडे ह्या दांपत्यानें ठाण मांडलें होतें. १९९०नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत त्यांनीं तेथें ‘संपूर्ण बांबू केंद्र’ उभें केलें. नागपूरचे वास्तुविशारद विनू काळे ह्यांनीं बांबूचा जो ध्यास घेतला होता व ज्याचें फळ ‘वेणुभारती’ ह्या ग्रंथाच्या रूपानें २००० सालीं लोकांपुढें आलें, त्याच विचाराच्या वातावरणांतलें हें काम. बांबूचीं घरें, सामानसुमान, शोभेच्या वस्तु आणि राख्या हें सारें तेथें कोरकू तरुण-तरुणी करूं लागल्या. सुनील देशपांडे २०२१ सालीं कोरोनाच्या साथींत गेले. काम पुढें चालू राहिलें. बांबूच्या दागिन्याचा मेळघाटांतला जन्म शोधावयाचा तर तो अशा ठिकाणीं, एका कुटुंबाच्या हयातींत, सांपडतो.

आतां ह्या वस्तूच्या घडणीकडे जरा बारकाईनें पाहिलें पाहिजे, कारण सारें मर्म तेथेंच आहे. मेळघाटांत जो वेळू मुख्यतः होतो, त्याला मानवेल किंवा नर बांबू म्हणतात. तो जाड अंगाचा, कोठें कोठें अगदीं भरीव असतो. लाठीला व घोडेस्वारांच्या भाल्याला एके काळीं त्याचीच मागणी. पोकळ वेळूचा मणी होत नाहीं, ह्याचा होतो. बेट म्हणजे एक कुटुंबच समजावें. पावसाळ्यांत बेटाच्या कडेनें नवे कोंब वर येतात आणि दोन-तीन महिन्यांत आपली पुरी उंची गांठतात. त्यानंतर ते उंचही होत नाहींत आणि जाडही होत नाहींत, फक्त अंगानें कठीण होत जातात. पहिल्या वर्षाच्या वेळूवर वेष्टनें चिकटलेलीं असतात. पुढें तीं गळतात, रंग पालटतो, आणि तिसऱ्या वर्षाच्या सुमारास अंगावर दगडफुलासारखे डाग दिसूं लागतात. तोडावयाचा तो हा, तिसऱ्या वर्षानंतरचा. कोवळे तोडले कीं पुढच्या कोंबांचे पोशिंदेच गेले, आणि बेट खंगूं लागतें. तोड जमिनीलगतच्या पेऱ्याच्या किंचित् वर, खोबणींत पाणी सांचणार नाहीं अशी. पावसाळ्यांत कोयता बंद. तोडलेला वेळू वाहत्या पाण्यांत कांहीं दिवस बुडवून ठेवला, तर आंतला पिठूळ अंश निघून जातो व भुंगा कमी लागतो. मग तो चिरून त्याच्या कांबी काढावयाच्या, कांबींच्या चोयट्या. बाहेरची हिरवी पाठ चिवट व चकाकणारी, आंतील पोट मऊ व ठिसूळ. त्वक्सार हें नांव ज्यानें दिलें, त्याला हें माहीत होतें.

हा सारा व्याप केल्यावर कर्णफुलाला वेळू लागतो किती? बोटभर. एका वेळूचा लगदा केला, तर त्याची गणना टनांच्या हिशेबांत हरवते. त्याचीं टोपलीं विणलीं, तर दोन-चार होतात. पण त्याच्या एका पेऱ्यांतून कर्णफुलांचे कित्येक जोड निघतात, आणि प्रत्येक जोडांत वेळूपेक्षां हाताचें काम अधिक असतें. रानांतून घ्यावयाचें कमी व हातांनीं घालावयाचें अधिक, हा जो हिशेब आहे, त्यामुळेंच ह्या नव्या दागिन्याला मी नुसती शहरी फॅशन म्हणत नाहीं. मात्र त्यांतील धोकाही नजरेआड करूं नये. राखीचा हंगाम वर्षांतून एकदां. बाकीचे महिने कारागिराच्या घरीं चूल पेटवावयाचीच असते. शिवाय बरेचसे गिऱ्हाईक वस्तूच्या रूपापेक्षां करणाऱ्याच्या दारिद्र्याकडे पाहून पैसे देतें. दयेनें घेतलेला दागिना फार दिवस कानांत राहत नाहीं, असा आपला अनुभव आहे. जी वस्तु सुंदर आहे म्हणून विकली जाते, तिलाच उद्यांचा दिवस आहे.

ह्या सगळ्यांत कायद्याची बाजू हळूहळू पालटत होती. २००६ सालीं संसदेनें वनहक्कांचा कायदा केला. तो २००८च्या आरंभापासून अंमलांत आला. त्यांत गौण वनोपजाची जी व्याख्या आहे, ती वाचतांना मला एकदम १९२७ची आठवण झाली. बांबू, झुडपें, खुंट, वेत! इंग्रजी कायद्यानें जीं नांवें वृक्षाच्या सदरांत कोंबलीं होतीं, तींच जवळजवळ ओळीनें येथें लोकांनीं गोळा करावयाच्या व विकावयाच्या वस्तूंच्या यादींत उतरलीं आहेत. पुढें मध, मेण, लाख, तेंदूचें पान वगैरे आलें आहे. मसुदा करणारानें हें जाणूनबुजून केलें असेल, तर त्याच्या विनोदबुद्धीला नमस्कार केला पाहिजे. तरीही कागदावरचा हक्क प्रत्यक्षांत यावयास वेळ लागला. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा ह्या गोंड गांवाला आपल्या बांबूसाठीं वाहतूक-परवान्याचें पुस्तक केंद्रीय मंत्री जयराम रमेश ह्यांच्या हस्तें मिळालें, तें २७ एप्रिल २०११ रोजीं. २०१७ सालीं १९२७च्या कायद्यांतील वृक्षाच्या व्याख्येंतून ‘बांबू’ हा एक शब्द गाळला गेला, मुख्यतः शेतांतील व खाजगी जमिनींतील लागवड मोकळी व्हावी म्हणून. नव्वद वर्षांनीं गवत पुन्हां गवत झालें. ताड व वेत मात्र अजून वृक्षच आहेत.

आमच्या अचलपूर तालुक्यांत, मेळघाटच्या पायथ्याशीं, पायविहीर नांवाचें लहानसें गांव आहे. २०१२ सालीं गांवाला १९२ हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तें वन म्हणजे तेव्हां जवळजवळ उघडी टेकडी. गांवानें झाडें लावलीं, चराई आवरली, आळीपाळीनें राखण केली. आणि दोन-चार वर्षांत तेथील सीताफळें मुंबईच्या बाजारापर्यंत गेलीं. २०१४ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या विकास-कार्यक्रमातर्फे दिला जाणारा जैवविविधतेचा पुरस्कार ह्या गांवाला लाभला. सीताफळ हा दागिना नव्हे, हें मला कळतें. पण रान आपलें आहे अशी खात्री पटलेला माणूस त्यांतून काय घेतो व काय ठेवतो, ह्याचा इतका स्वच्छ दाखला जवळपास दुसरा नाहीं. पुढच्या वर्षींही आपल्यालाच तोडावयाचें आहे हें ज्याला ठाऊक आहे, तो कोवळ्या वेळूला हात लावीत नाहीं. ज्याला आज चोरून तोडावयाचें आहे, तो हाताला येईल तें तोडतो. त्याला तिसऱ्या वर्षाचे डाग पाहत बसण्यास सवड नसते.

ह्या बदलाचा लाभ बुरुडाला मात्र फारसा झाला नाहीं. वनहक्काचा कायदा आदिवासींसाठीं, आणि इतरांसाठीं म्हणाल तर जे तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षें, वनांत राहून वनावर जगत आले त्यांच्यासाठीं. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या आळींत बसून सूप विणणारा बुरूड वनांत राहत नाहीं. तो वनाचा फक्त कारागीर. त्याच्या टोपलीची जागा प्लॅस्टिकच्या घमेल्यानें घेतली, कणगीची जागा पत्र्याच्या कोठीनें. त्याच्या हातांत जी चोयटी काढण्याची सफाई आहे, ती शिकावयास प्रशिक्षणवर्गांतल्या मुलाला वर्षें लागतील. डोंगरांतला हक्क आणि गांवांतला हात ह्या दोहोंची गांठ घालून देण्याचा विचार अजून कोणीं मनावर घेतलेला दिसत नाहीं. माझ्या मतें वेळूच्या कलेचें भवितव्य दुसऱ्या कशापेक्षांही ह्यावर अधिक अवलंबून आहे.

आणि कोरकू मुलगी? ती स्वतःसाठीं आजही बाजारांतून रंगीत मणी व चकचकीत धातूच घेते. वेळूचें कर्णफूल ती अमरावती-पुण्यासाठीं करते. ह्यांत खेद मानण्याजोगें मला कांहीं दिसत नाहीं. पैठणी विणणारांच्या घरांत तरी रोज पैठणी कोण नेसतें?

एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो माणसाच्या हातचा नाहीं. मानवेलीला तीस-चाळीस वर्षांनीं केव्हां तरी एकाच वेळीं सर्वत्र फुलोरा येतो. अमराचा यवफल त्या वर्षीं खऱ्या अर्थानें यवफल होतो. जवासारखें बी गळतें आणि बेट वाळून मरतें. त्या बियांचें रोप वाढून तोडण्याजोगें बेट व्हावयास आठ-दहा वर्षें जातात, आणि तेवढा काळ तें वणव्यापासून व गुरांपासून राखावें लागतें. त्या वर्षांत राखण करणाराला बांबूची राखी विकून पैसे मिळावयाचे नाहींत. बी मात्र तांदळासारखें रांधून खातां येतें, आणि दुष्काळांत लोकांनीं तें खाल्लेलें आहे.